बाजाराच्या जागी दवाखाना

मीटरमामांना कोणी काहीही विचारलं, तरी उत्तराच्या शेपटाला धाकटी लेक बांधलेली असायचीच. "मामा, किती वाजले?" असं विचारलं तर "सव्वादहा" एवढ्यावर माणसानं थांबावं की नाही? मामा थांबायचे नाहीत. "सव्वादहा. ते बघ, स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ आहे ना, ते धाकटीनं बसवलंय." एकदा पहाटपाळीच्या जोडीदारानं खोडी काढायची म्हणून विचारलं, "मामा, बाहेर ऊन आहे का हो?" मामांनी बाहेर डोकावून पाहिलं, "कडक आहे" म्हणाले, आणि दम न घेता पुढे म्हणाले, "म्हणजे आज टेकडीची टाकी लवकर उतरणार. धाकटीच्या प्रोग्राममध्ये ते कसं झकास दिसतं, दाखवू?" त्या दिवसापासून जोडीदारानं कानाला खडा लावला.

मामा होते पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात. पंपघराच्या वरच्या मजल्यावरची ही एक लांबोडकी खोली. खालच्या पंपांची घरघर टेबलाच्या पायांतून वर चढायची आणि कपातल्या चहावर बारीक बारीक लाटा उठवायची. या खोलीत बसून गावाच्या सात टाक्या सांभाळायच्या. कोणती भरत आली, कोणती उतरली, कोणाचा व्हॉल्व्ह उघडायचा, कोणाचा बंद करायचा, हे सगळं इथूनच. पूर्वी त्यासाठी समोरची अख्खी भिंत काट्यांच्या मीटरांनी भरलेली होती. मामा दर तासाला त्या भिंतीसमोरून जायचे आणि प्रत्येक मीटरच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, काटा अडकला तर नाही ना म्हणून. त्यावरून त्यांचं नाव मीटरमामा पडलं. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं.

मग भिंत गेली आणि तिच्या जागी टेबलावर एक रुंद स्क्रीन आली. प्रोग्राम लिहायचं काम तीन माणसांच्या एका छोट्या कंपनीकडे गेलं होतं. ती तिघं पहिल्या दिवशी काम समजून घ्यायला आली, त्यात गळ्यात ओळखपत्र अडकवून चक्क धाकटी उभी! घरी ती एक अक्षर बोलली नव्हती. बापानं शब्द टाकला असं कोणी म्हणू नये, म्हणून पोरीनं ताकास तूर लागू दिली नव्हती. मामांनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहायचा प्रयत्न केला, पण तो दीड मिनिटच टिकला. "ही माझी धाकटी," त्यांनी अभियंता बाईंना सांगून टाकलं. बाई या कक्षाच्या प्रमुख. नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण त्या दिवशी त्याही हसल्या.

प्रोग्राम असा होता. स्क्रीनभर एक मोठी चौकट, आणि तिच्या पोटात प्रत्येक टाकीची एक छोटी चौकट. धाकटी त्यांना विंडो म्हणायची, मामा चौकटीच म्हणायचे. प्रत्येकीत पाण्याचा निळा पट्टा, खाली व्हॉल्व्हची दोन बटणं, वर बारीक अक्षरात टाकीचा क्रमांक. वरची पट्टी माउसनं धरून चौकट हवी तिथे ओढता यायची, नको तेव्हा मिटवता यायची, पण मोठ्या चौकटीबाहेर मात्र तिला जाता यायचं नाही. पत्त्यांसारख्या एकीवर एक रचायला एक बटण होतं, शेजारी शेजारी मांडायला दुसरं. क्रमांक सोडला तर सातही चौकटी दिसायला एकसारख्या, सख्ख्या बहिणींसारख्या.

मामांना यातली कुठलीच तयार मांडणी पटली नाही. जुन्या भिंतीवर मीटर टाक्यांच्या उंचीप्रमाणे लावलेले होते. सगळ्यात वर टेकडी, तिच्याखाली वळण आणि शाळा, मग डावीकडे बाजार आणि उजवीकडे दवाखाना, त्याखाली जुनी टाकी आणि तळाला कारखाना. पाणी वरून खाली येतं, तर नजरही वरून खाली आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सातही चौकटी ओढून ओढून तशाच लावल्या. एकदा लावल्या की क्रमांक वाचायची त्यांना गरजच नसायची. स्वतःच्या घरात स्वयंपाकघर कुठे आहे, ते कोणी पाटी वाचून शोधतं का? चहाचा घोट घेता घेता एक नजर टाकली की साऱ्या गावाचं पाणी त्यांना कळायचं.

अडचण एकच होती. दर मंगळवारी पहाटपाळीवाल्यानं संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, असा नियम होता. तो सुरू झाला की चौकटी पुन्हा एकीवर एक ढीग करून बसायच्या. मामांनी हे जेवताना सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून. धाकटीनं घास तोंडात तसाच धरला.

"म्हणजे दर मंगळवारी तुम्ही सातही पुन्हा लावता? आणि मला आत्ता सांगता?"

"अगं, पाच मिनिटांचं तर काम. हातचा मळ आहे."

चार दिवसांनी ती कक्षात आली, खुर्चीत बसली, काहीतरी खुडबूड केली आणि उठली. "आता जिथे ठेवाल तिथेच राहतील, बाबा." पुढच्या मंगळवारी मामांनी यादीतून एकेक टाकी उघडली, आणि एकेक चौकट आपण होऊन आपल्या जागी जाऊन बसली. टेकडी वर, कारखाना तळाला. मामा बघत राहिले. धाकटी शाळेत असताना सुट्टीत डबा घेऊन यायची आणि टेकडीच्या मीटरवर टकटक करायला तिचा हात पोचायचा नाही, म्हणून ते तिला उचलून घ्यायचे. भिंत पाडली तेव्हा एकाही माणसाला वाईट वाटलं नव्हतं, आणि या पोरीनं ती काचेच्या आत पुन्हा उभी करून दिली होती. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या आठवड्यात वेळ विचारायला कोणी त्यांच्या आसपास फिरकलं नाही.

सहा मंगळवार असे सुखाचे गेले.

सातव्या मंगळवारी जोडीदाराला घरी जायची घाई होती. संगणक सुरू करून त्यानं यादीतून भराभर टाक्या उघडल्या आणि त्या गडबडीत चारच्या आधी पाचवर बोट पडलं. म्हणजे बाजाराच्या आधी दवाखाना उघडला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तो नवा माणूस, दर वेळी क्रमांक वाचून काम करणारा. वही मामांच्या हवाली करून तो गेला.

आठ वाजून बारा मिनिटांनी मामांनी नेहमीप्रमाणे बाजाराचा व्हॉल्व्ह बंद केला. बाजाराची टाकी सकाळी भरत आली की तिच्यात येणारं पाणी बंद करून खालच्या टाक्यांकडे वळवायचं, हा रोजचा रिवाज. डावीकडची चौकट, काठोकाठ निळा पट्टा, बंद करायचं बटण. प्रोग्रामनं विचारलं, टाकी क्रमांक पाच, नक्की बंद करायचं? मामांनी "हो" वर टिचकी मारली. रोज तोच प्रश्न विचारणाऱ्याचं बोलणं कोण लक्ष देऊन ऐकतं?

नऊ वाजले, दुकानं उघडायची वेळ झाली. मामांनी डावीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. नऊला बाजार जागा होतो. नळ सुटतात, पायऱ्या धुतल्या जातात, पट्टा दाणदाण खाली येतो. आणि हा मात्र तासाभरात शांतपणे, एका चालीनं उतरत उतरत पाव टाकीवर आला होता. उलट उजवीकडचा दवाखाना धडाधडा उतरत होता. दवाखाना असा कधी वागत नाही. त्याचं पाणी दिवसरात्र एका लयीत लागतं. मामांनी चष्मा वर सरकवला, नाक स्क्रीनला टेकेपर्यंत वाकले आणि क्रमांक वाचला. पाच. म्हणजे दवाखाना.

व्हॉल्व्ह उघडायला त्यांना दोन सेकंद लागले. तेवढ्यात फोन वाजलाच. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर पंधरा मिनिटं नळाला धार नव्हती. राखीव पाणी होतं, कोणाचं काही अडलं नाही, पण काय झालं ते लेखी कळवा, असं पलीकडचा माणूस म्हणाला. मामांचा जीव भांड्यात पडला, पण तो पुरता पडेना. बाजाराच्या जागी दवाखाना आलाच कसा?

तीस वर्षं पंपांची दुखणी शोधलेला माणूस तो. दुपारी टाक्या निवांत असताना त्यांनी चौकटी मिटवल्या आणि पुन्हा उघडल्या. मग उलट क्रमानं उघडल्या. मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला त्यांना कळून चुकलं. कोणती टाकी कुठे बसवायची, हे प्रोग्रामच्या गावीही नव्हतं. पहिली उघडलेली चौकट पहिल्या जागेवर, दुसरी दुसऱ्या जागेवर, एवढंच त्याला ठाऊक. सहा मंगळवार सगळे क्रमानं उघडत होते म्हणून निभावलं होतं. धाकटीची चूक होती ही. आणि तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, मुख्य कार्यालयाची माणसं प्रोग्राम तपासून कायमचा ताब्यात घ्यायला येणार होती.

मामांनी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि कीबोर्डखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी अभियंता बाईंनी बोलावलं. समोर नोंदीचा कागद होता. आठ बारा, टाकी पाच, बंद, खात्री विचारली, हो म्हटलं.

"मामा, प्रोग्राममध्ये काही गडबड होती का? असेल तर आत्ता सांगा."

सगळं मामांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. "प्रोग्राम अगदी चोख आहे, बाई. माझी नजर चुकली."

"बाकी कोणाची चुकत नाही. तुमचीच कशी चुकली?"

"वय झालं," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. चौकटी उघडायच्या तर चिठ्ठीतल्या क्रमानंच, असा मामांनी हट्ट धरला. कोणी का विचारलं तर "माझी सवय आहे" एवढंच उत्तर. मामा म्हातारपणी शुभ-अशुभ पाहायला लागले, असा बोभाटा झाला. वर ते प्रत्येक व्हॉल्व्हच्या आधी क्रमांक दोन-दोनदा वाचायचे. पूर्वी एका नजरेत व्हायचं त्या कामाला आता वेळ लागू लागला. बाईंनी डोळे तपासून यायला सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. इथे कशाला आलात?" झाली पंचाईत! डोळे ठणठणीत, तर चूक कशी झाली, हा प्रश्न उरतोच. मामांनी डॉक्टरांचा कागद घरी कपाटाच्या खणात पुरला आणि बाईंना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

बाईंनी उसासा टाकला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मामांची बदली भांडारात झाली. नळाच्या तोट्या, वॉशर, पाइपाचे तुकडे मोजायचे आणि वहीत मांडायचे. निवृत्तीला चौदा महिने होते. ती खुर्ची सोडून ते चौदा महिने तोट्या मोजणार होते. हे सगळं आपण कोणासाठी करतोय ते मामांना पक्कं माहीत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं, असं ते स्वतःला रोज सांगायचे. रोज सांगावं लागत होतं, यातच सगळं आलं.

घरी त्यांनी थाप मारली. "भांडारात भरवशाचा माणूस हवा होता. बदली मीच मागून घेतली."

धाकटी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. दवाखान्याची गोष्ट घरी आधीच पोचली होती, आणि बायकोला शेंडी लावणं सोपं नव्हतं. "अहो, पस्तीस वर्षांत तुमची नजर चुकलेली मी एकदाच पाहिली. पोस्टात भलत्याच बाईला मी समजून हाक मारलीत तेव्हा. आता काय झालंय ते सांगा." मामा उठून अंघोळीला गेले. त्या दिवशीची त्यांची ती दुसरी अंघोळ होती.

शुक्रवार आला. मुख्य कार्यालयातून एक उंच साहेब आणि एक बुटके साहेब आले. धाकटी आणि तिचे दोन सहकारी इस्त्रीचे कपडे घालून हजर होते. अभियंता बाई मध्ये उभ्या. संगणक नव्यानं सुरू केला, आणि तो चालवून दाखवायला मामा खुर्चीत बसले. त्या खुर्चीतले त्यांचे शेवटचे चार दिवस उरले होते.

"थांबा थांबा," जोडीदार हसत म्हणाला, "मामांची चिठ्ठी काढा आधी. त्या क्रमाशिवाय मामा चौकट उघडत नाहीत. कोणती टाकी आधी उघडणं शुभ, ते लिहिलंय त्यात!"

दोघेही साहेब हसले. मामाही हसले आणि त्यांनी कीबोर्डवर तळहात ठेवला. पण धाकटी शेजारीच उभी होती. तिनं कीबोर्डची कड उचलली आणि चिठ्ठी काढली.

टेकडी, वळण, शाळा, बाजार, दवाखाना, जुनी, कारखाना. याच क्रमानं उघडणे. बदल करू नये. खाली दोन रेघा.

तिनं ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली, आणि तिचे कान लाल झाले. मामांना हा चेहरा ओळखीचा होता. सातवीत असताना फळ्यावर गणित सोडवून ती जागेवर येऊन बसली होती आणि बसल्या बसल्या आपलीच चूक तिला दिसली होती, तेव्हाचा हा चेहरा. शिक्षकांनी तो प्रसंग मुद्दाम घरी येऊन सांगितला, तेव्हाही मामांसमोर तिचे कान असेच लाल झाले होते.

"बाबा, ही कधी लिहिलीत?"

"असंच गं. जुनी सवय."

"खाली तारीख आहे. त्याच मंगळवारची."

तीस वर्षं प्रत्येक कागदाखाली तारीख घालणाऱ्या माणसानं या कागदाखालीही ती घातली होती. आपल्याच हातानं आपण पकडले गेलो, हे मामांना कळलं. त्यांनी पोरीकडे पाहून मान बारीकशी हलवली. बोलू नकोस. मी इतके दिवस गिळलंय, तू अर्धा तास गिळ.

धाकटी अभियंता बाईंकडे वळली. "मला पाच मिनिटं हवीत. बाबा, उठा जरा."

ती बसली. तिनं सातही चौकटी मिटवल्या आणि पुन्हा एकेक उघडल्या. चारच्या आधी पाच उघडली. दवाखाना सरळ बाजाराच्या जागी जाऊन बसला. तिच्या एका सहकाऱ्यानं तिला हळूच कोपर मारलं, पण तिनं तिकडे लक्षच दिलं नाही.

"त्या मंगळवारी हेच झालं होतं," ती म्हणाली. "चौकटी जागा लक्षात ठेवतात, पण कोणत्या टाकीची कोणती जागा, हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. कितवी उघडली एवढंच तो बघतो. बाबा जागा बघून काम करतात, आणि जागा मीच त्यांना लावून दिली होती. चूक त्यांच्या नजरेची नव्हती. माझी होती."

"अहो बाई, तिचं काही ऐकू नका," मामा घाईघाईनं म्हणाले, "लहान आहे ती, बोलते काहीतरी."

"मी एकतीस वर्षांची आहे, बाबा."

उंच साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे आज ताबा घेता येणार नाही."

"घेऊच नका," धाकटी म्हणाली. "दुरुस्त करून आणते, मग तपासून घ्या."

 मग धाकटीनं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. "हा आईनं सकाळी दिलाय. बाईंना दाखव, म्हणाली. कपाटाच्या खणात सापडला." अभियंता बाईंनी तो वाचला, चष्म्यावरून मामांकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. "डोळे निर्दोष," त्या म्हणाल्या. "आणि मला काय सांगितलंत? नंबर वाढलाय! मामा, तुम्ही मला चक्क उल्लू बनवलंत." मामा जमिनीकडे बघत उभे राहिले. बदलीचा कागद बाईंनी तिथेच मागवला आणि त्यावर आडवी रेघ मारली. पण त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता. "खुर्ची तुमचीच राहील. यापुढे खरं सांगायचं."

खरी खरडपट्टी जिन्यात निघाली. धाकटीनं त्यांना गाठलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज चढलेला होता.

"उद्या तुम्ही रजेवर असता, तुमच्यासारखंच जागा बघून काम करणारं कोणी बसलं असतं आणि ती चिठ्ठी कचऱ्यात गेली असती तर? दवाखाना आहे तो, बाबा!"

"मी क्रम लावून दिला होता ना..."

"तुम्ही तोट्या मोजायला निघाला होतात! माझ्यासाठी! मला एकदा सांगितलं असतं तर अर्ध्या दिवसात दुरुस्त झालं असतं." तिनं नाक पुसलं. "तुम्ही सगळ्या जगाला सांगत फिरता, माझी मुलगी हुशार, माझी मुलगी हुशार. आणि तिला तिची एक चूक सांगायची वेळ आली, तेव्हा तुम्हाला ती तेवढी हुशार वाटली नाही."

मामा पायरीवर बसले. पोरीचं बोलणं लागलं होतं, कारण ते खरं होतं. पण लागलेल्या जागेच्या शेजारीच दुसरं काहीतरी वर येत होतं, आणि ते त्यांना दाबता येईना. चार मोठ्या माणसांसमोर, सहकारी कोपर मारत असताना, हातातोंडाशी आलेलं काम बाजूला सारून ही पोरगी म्हणाली होती, चूक माझी. तिनं प्रोग्राम लिहिला तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता. तो आजच्या अभिमानापुढे काहीच नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. ती शेजारी बसली. 

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारीच झाली. पण आता अभियंता बाईंनी अट घातली. आधी मामांनी तपासायचं, त्यांची सही झाली तरच मुख्य कार्यालयाला बोलवायचं. मामांनी तीन दिवस त्या प्रोग्रामच्या डोळ्याला डोळा लागू दिला नाही. टाक्या उलट क्रमानं उघडल्या, मधूनच उघडल्या, एक उघडून तीन मिटवल्या. भर पाळीत संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. पाच आधी, चार नंतर. दोन शेवटी. दर वेळी सातही जणी मुकाट्यानं आपापल्या घरी गेल्या. बाजार डावीकडे, दवाखाना उजवीकडे.

गुरुवारी बाईंनी कागद पुढे सरकवला. धाकटी आलेली होती. "करा सही, मामा."

मामांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. उठून ते भिंतीजवळ गेले, खिळ्याला टांगलेली तक्रारवही काढली, टेबलावर उघडली आणि सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहू लागले. धाकटी त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

मोठी चौकट लहान केली असता कारखान्याची चौकट खालच्या कडेआड जाते व दिसत नाही. पाणी वाढल्यास कळणार नाही. दुरुस्त करावे.

काम कोणाचं, असा एक रकाना होता. तिथे कंपनीचं नाव लिहायचं असतं. मामांनी लिहिलं, माझ्या मुलीचं. खाली सही केली आणि तारीख घातली.

क्षणभर धाकटीचा चेहरा पडला. मग तिनं स्वतः मोठी चौकट ओढून लहान करून पाहिली. कारखाना खरोखरच दिसेनासा झाला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं बापाच्या हातातून पेन घेतलं. त्यांच्या सहीखाली तिनं लिहिलं, मान्य, सोमवारपर्यंत करते, आणि आपली सही केली.

सोमवारी ते झालं. मंगळवारी मामांनी सही केली आणि त्याच आठवड्यात प्रोग्राम कायमचा ताब्यात घेतला गेला. शनिवारी पहाटपाळी संपवून जाता जाता जोडीदार बेसावध होता. तो विसरला आणि विचारून बसला, "मामा, किती वाजले?"

"सात पाच," मामा म्हणाले. जोडीदारानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. मामा उठले, खिळ्यावरची तक्रारवही काढून त्याच्यासमोर उघडली आणि पानावर बोट ठेवलं.

"हे वाच," ते म्हणाले. "धाकटीची चूक. मी काढली, आणि तिनं मान्य केली. बघ, सही आहे तिची."